सोनूमामा घुमट का वाजवतात

शेजारच्या खोलीत कोणी फोनवर बोलता बोलता आवाज खाली आणला, की तुम्ही काय करता? पंखा बंद करता, की मोठा करता?

उत्तर मला सांगू नका, मनातल्या मनात द्या. पेडणे तालुक्यात, तुये गावाच्या पलीकडे, सड्याच्या उतारावर आमचा वाडा आहे. वाडा म्हणजे आमच्याकडे घरांची वस्ती. या वस्तीत बहुतेक जण पंखा बंद करतात. टीव्हीचा आवाज कमी करतात. भांडी घासणारी बाई हातातलं भांडं तसंच धरून उभी राहते. अशा वेळी उठून, सोप्यावर म्हणजे ओसरीवर बसून, जिवाच्या करारावर घुमट बडवणारा माणूस मी एकच पाहिला. ते सोनूमामा.

हे त्यांचं खरं नाव नाही. लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं होतं. दोन दिवस विचार करून ते म्हणाले, "बरय गो बाय. नांव बदल. आनी हांव घुमट वायट वाजयता म्हूण बरोवं नाका." म्हणजे लिही, पण नाव बदल आणि मी घुमट वाईट वाजवतो असं लिहू नको. पहिली अट मी पाळली आहे. दुसरी पाळायची तर लेखच लिहिता येणार नाही.

सोनूमामा निवृत्त कंडक्टर. पेडणे ते वास्को या रस्त्यावर सरकारी बसमध्ये त्यांचं उभं आयुष्य गेलं, आणि 'उभं' हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. आजही ते सहसा बसून बोलत नाहीत. एका हाताने दाराची चौकट धरून, पाय किंचित फाकवून बोलतात. घर कधी ब्रेक मारील याचा त्यांना अजून भरवसा वाटत नसावा. कदेल, म्हणजे खुर्ची, पुढे केलं, तर "म्हाताऱ्यांक बसूं दी" म्हणतात आणि वाड्यावर आपल्याहून म्हातारं कोणी उरलेलं नाही हे सोयीने विसरतात.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कंडक्टरची शिट्टी असते. कोणाच्याही घरी जाताना ते अंगणाबाहेर थांबतात, एक शिट्टी मारतात आणि घराकडे पाठ करून उभे राहतात. आत चाललेलं भांडण, रडणं, कुजबूज, जे काय असेल ते आवरायला घराला वेळ मिळतो. "या मामा" असं कोणी म्हटलं, की मगच वळतात. निघताना दोन शिट्ट्या. बसमध्ये एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. वाड्यावर नवीन आलेल्या सुना पहिल्या आठवड्यात हमखास फसतात. पोदेर पाव घेऊन आला असं वाटून पिशवी घेऊन बाहेर येतात. पोदेर शिट्टी मारत नाही, सायकलचा भोंगा वाजवतो, पण नव्या सुनेला ते कुठून कळणार? बाहेर बघते तर पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा पाठमोरा उभा आणि हातात पावसुद्धा नाही.

"मामा, सरळ आत येत जा," माझी आई त्यांना एकदा म्हणाली. "आमच्या घरात लपवण्यासारखं आहे काय?"

"तुमगेर ना आसतलें," मामा म्हणाले. "पूण म्हजे कान वायट. तिकीट काडनासतना चडटात."

तिकीट न काढता चढणाऱ्या या कानांची त्यांना फार भीती. कोणी वाड्यावरची ताजी बातमी सांगायला तोंड उघडलं, की ते हात वर करतात. "कितें, कोण, कित्याक, ह्या तिगांक म्हज्या बशींत जागो ना." काय, कोण आणि कशाला या तीन प्रवाशांना त्यांच्या बसमध्ये जागा नाही. त्यामुळे वाड्यावर त्यांच्याशी गप्पा मारायला फारसं कोणी बसत नाही. बातमी नको असलेल्या माणसाशी बोलायचं तरी काय?

माझे बाबा तर त्यांना मोजतच नाहीत. बाबा भाषेच्या चळवळीतले. आमच्या घरात पाळणा आला त्याआधी पत्रकांचे गठ्ठे आले होते, आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्याच गठ्ठ्यांवर. त्या दिवसांत बसमध्ये मराठीवाले आणि कोंकणीवाले एकमेकांच्या अंगावर जायचे, आणि मामा मधल्या वाटेत उभे राहून विचारायचे, "बशीक भास ना, थांबो आसा. तुमचो खंयचो?" बसला भाषा नाही, थांबा आहे, या बोलण्याचा बाबांना राग अजून आहे. "या माणसाला भूमिकाच नाही," ते म्हणतात. भूमिका नसलेली माणसं मलाही चालत नाहीत. म्हणून बरीच वर्षं मामा माझ्या लेखी वाड्यावरचं एक गमतीचं पात्र होते, त्यापलीकडे काही नाही.

मग चंपाची गोष्ट घडली.

चंपा हे नावही खरं नाही. या नावाची बाई आमच्या वाड्यावर नाही, तेव्हा शोधत बसू नका. ती एक सून आहे. माहेर सिंधुदुर्गातलं. नवरा डिचोलीकडे ट्रकवर, आठवड्याने घरी येणारा. तिला काय झालं होतं, ते मी सांगणार नाही. ती म्हणाली तेवढंच लिहिते: झोप येत नव्हती आणि भाताचं ताट समोर आलं की रडू यायचं.

ओळखीच्या एका परिचारिकेने तिला पुण्याच्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. त्या फोनवर, चित्रासकट, आठवड्यातून एकदा बोलायच्या. चंपा त्यांना मॅडम म्हणते. नवऱ्याला तिने सांगितलं. तो म्हणाला, "बोल. पण आवशीक कळूंक दिव नको." त्याच्या आईचं म्हणणं सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. पलीकडच्या गावातली एक सून मनाच्या डॉक्टरकडे गेली, तेव्हा ही सासू विहिरीवर सर्वांसमक्ष म्हणाली होती, "आमगेर आसती तर तिका कुळारा धाडली आसती. आनी चेडूं हांगा दवरलें आसतें." कुळार म्हणजे माहेर. चंपाची मुलगी तेव्हा अंगणवाडीत जात होती. म्हणजे बोलणं बाहेर फुटलं, तर चंपाला माहेरी जावं लागणार आणि पोर इथे राहणार. एवढं सगळं त्या एका तासावर टांगलेलं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "तुम्ही एकट्या आहात ना? दार बंद आहे?"

"दार बंद आहे," चंपा म्हणाली. "पण भिंत वरपर्यंत नाही."

पुण्याच्या मॅडमना हे समजायला वेळ लागला. आमच्याकडच्या जुन्या कौलारू घरांत खोल्यांच्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत. वारा फिरावा म्हणून वरचा भाग मोकळा सोडतात. वाऱ्याबरोबर सगळंच फिरतं. एका खोलीत उचकी लागली, तर दुसऱ्या खोलीतून पाण्याचा तांब्या येतो.

मॅडमनी कानात घालायचे फोन घ्यायला सांगितले, म्हणजे निदान त्यांचा आवाज तरी खोलीत फुटणार नाही. फोनला नवा कुलूप-आकडा घालून घेतला. त्यांचा निरोप पडद्यावर वाचता येणार नाही अशी सोय करून दिली. त्यांच्या बाजूने त्यांनी शब्द दिला: बोलणं कुठे साठवणार नाही, दुसऱ्या कोणापाशी काढणार नाही, आणि कधी जिवाचाच प्रश्न आला तर कोणाला कळवायचं ते चंपानेच आधी सांगून ठेवायचं. आणखी एक खूण ठरली. मध्येच कोणी जवळ आलं, तर चंपाने म्हणायचं, "गॅस बुक करायचा आहे." त्यावर मॅडमनी ताबडतोब गॅसवाल्यांची बाई व्हायचं.

हे सगळं झालं, पण भिंत काही वर गेली नाही. चंपा काजूच्या बागेत जाऊन बसली, तर बोंडं वेचणाऱ्या बायका शेजारी येऊन बसल्या. देवळामागे गेली, तिथे नेटवर्क नाही. आमच्या वाड्यावर ते माणूस बघून येतं. एके दिवशी तिने इतक्या वेळा गॅस बुक केला, की मॅडम म्हणाल्या, "चंपाताई, आज आपण फक्त सिलिंडरबद्दलच बोललो."

ती माझ्याकडे आली. मी फार तापले. गुपित राखणं हा काय फक्त सिमेंटच्या भिंतीवाल्यांचा हक्क आहे? ज्याच्याकडे दाराला कडी असलेली खोली आहे, त्यानेच मन बरं करून घ्यायचं, आणि बाकीच्यांनी कौलांखाली कण्हत बसायचं? हे मी बरंच मोठ्याने बोलत होते. इतक्यात अंगणाबाहेर शिट्टी वाजली. मामा रस्त्याकडे तोंड करून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"मामा, तुम्ही ऐकलंत काय?"

"हांव कान घरा दवरून आयलां," मामा पाठमोरे म्हणाले. कान घरी ठेवून आलेत म्हणे. आणि लगेच पुढे, "म्हज्या घरा भितरली कूड रिती आसा. भिंत वयर मेरेन आसा. इंटरनेट आसा. बिरेस्तारा दनपरां कोणूच येना."

आतली खोली रिकामी आहे, भिंत वरपर्यंत आहे, गुरुवारी दुपारी कोणी येत नाही. मामांच्या मुलाने आखातातून पैसे पाठवून स्लॅबची ती एक खोली बांधून घेतली होती आणि तारेचं इंटरनेटही. बापाचं तोंड रोज बघता यावं म्हणून. मुलाला कामातून वेळ मिळतो तेव्हा तो बघतो.

"कोणासाठी म्हणून विचारत नाही तुम्ही?" मी म्हटलं.

"बशींत चडटल्याक खंय देंवता तें विचारतात," मामा म्हणाले. "कित्याक वता तें विचारिनात." कुठे उतरणार तेवढं विचारायचं, कशाला जाता ते नाही. आणि दोन शिट्ट्या मारून निघून गेले.

गुरुवारी मी चंपाला त्यांच्याकडे घेऊन गेले. चंपाने त्यांना फक्त गॅसची खूण सांगितली, म्हणजे तसं ऐकू आलं तर कोणीतरी खिडकीशी आलंय हे त्यांना कळावं. मामांनी मान हलवली. तिला आत बसवून दार ओढून घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की खोलीला एक जनेल, म्हणजे खिडकी, आहे, ते सोप्यावर उघडतं आणि त्याची झडप नीट लागत नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खुंटीवर घुमट लटकत होतं.

ज्यांनी घुमट पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ते मातीचं मडकंच असतं, पण दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. एका हाताने वाजवायचं, दुसऱ्या हाताने लहान तोंड झाकत-उघडत घुमवायचं. चतुर्थीला आमच्याकडे घुमटाशिवाय आरती होत नाही. मामांच्या घरातलं घुमट त्यांच्या वडिलांचं. स्वतः मामांनी ते जन्मात वाजवलं नव्हतं. चतुर्थीच्या दिवसांत ते वास्कोच्या बसमध्ये असायचे.

त्या दुपारी त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि बडवायला सुरुवात केली. आमच्या अंगणातली कोंबडी तुळशीवर चढली. त्या आवाजाला लय नव्हती, ताल नव्हता. खड्ड्यातून जाणाऱ्या बसमध्ये सुटलेलं पत्र्याचं डबडं जसं वाजेल तसं ते वाजत होतं. पण खोलीतला शब्द बाहेर येणं शक्य नव्हतं. तास संपला. चंपा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, आणि त्या दिवशी तिला गॅस एकदाही बुक करावा लागला नव्हता.

असे काही गुरुवार सुखाने गेले. पण एक गोष्ट आम्ही तिघांनीही ध्यानात घेतली नव्हती. आमच्या वाड्यावर घुमट वाजलं, की माणसं पांगत नाहीत, जमतात. घुमट म्हणजे आरती, आणि आरती म्हणजे प्रसाद. एका गुरुवारी पांडूआबा आले. आबा शामेळ वाजवतात. शामेळ म्हणजे घुमटाच्या साथीचं लहान नगाऱ्यासारखं वाद्य. आबांच्या मागून झांज घेऊन दोघे, त्यांच्या मागून आणखी चौघे.

"सोनू, आज खंयची आरती रे?"

मामा वाजवायचे थांबले. ते थांबले आणि आतून चंपाचा रडका आवाज अर्धा शब्दभर बाहेर आला. मामांनी पुन्हा धाडकन घुमटावर हात मारला.

"आरती न्हय! प्रॅक्टीस! स्पर्धेची!" ते त्या गोंगाटातून ओरडले.

"तूं स्पर्धेंत?"

"व्हय! मयेंत आसा मरे, चवथीपयलीं!"

मये गावात चतुर्थीआधी घुमट-आरत्यांची स्पर्धा असते. पांडूआबांनी आ वासला. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की मामांची चूक मला तेव्हाच दिसली. कित्येक वर्षं आबांना वाड्याचं पथक उभं करायचं होतं आणि घुमट घ्यायला माणूस मिळत नव्हता. त्यांनी तिथेच बैठक मारली. शामेळ सुरू झाली, झांजा सुरू झाल्या, आणि सोप्यावर गणपतीची आरती उभी राहिली. एक जण देवापुढे दिवा लावावा म्हणून आतल्या दाराकडे निघाला. मामा घुमट वाजवत वाजवत उठले आणि दारात आडवे उभे राहिले. "देव न्हिदला!" देव झोपलाय म्हणे. दुसऱ्याने जनेलातून डोकावलं. आतल्या अंधारातून स्वच्छ आवाज आला, "हॅलो, गॅस बुक करायचा आहे."

"कोण रे ती?"

"नेटवर्क ना वाड्यार," मामा म्हणाले. "गॅस बूक करूंक येतात. फुडें सर, फुडें सर, फुडें जागो आसा."

त्यानंतर दर गुरुवारी पथक हजर. सोप्यावर आरती आणि आत चंपा. ती मला म्हणाली, "पहिल्यांदा मॅडमना सगळं सांगितलं ना, तेव्हा बाहेर 'जय देव, जय देव' चालू होतं. मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडे रोज सण असतो काय?" ती हसत होती. तिला हसताना मी पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

आणि मामांना खरोखरच मयेला जावं लागलं. मी गेले होते. डिचोली तालुक्यातली, पेडण्यातली कसलेली पथकं, जरीचे फेटे, एकसारखे कुडते. आमचं पथक मंचावर चढलं. पांडूआबा डोळे मिटून वाजवत होते, आणि मध्यभागी मामा आपली स्वतंत्र बस चालवत होते. आबा ज्या थांब्यावर पोचत, तिथून मामा निघून गेलेले असत. लोक आधी खुसखुसले, मग उघड हसले. शेवटी परीक्षकांनी मोठ्या मनाने सांगितलं, "घुमट वाजवणाऱ्या आजोबांनी लय सोडून बाकी सगळं सांभाळलं." आमचा नंबर शेवटचा आला.

परतीच्या गाडीत पथकाने मामांना सोडलं नाही.

"सोनू, तुज्या घुमटान मयेच्या तळ्यांतलीं सुकणीं पळून गेलीं रे." सुकणीं म्हणजे पाखरं.

"तूं शिट्टीच वाजय. तिका ताल लागना."

"ना रे, शिट्टीय नाका. हो शिट्टी मारता आनी बस भलतेकडेन रावता."

या शेवटच्या वाक्यावर सगळी गाडी हसली. मामा हसले नाहीत. मी बोलायला तोंड उघडलं. या माणसाने मंचावर जाऊन स्वतःचं हसं कोणासाठी करून घेतलं, ते सांगून टाकावं असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मामांनी खिशातून शिट्टी काढली आणि माझ्याकडे बघत एकदाच वाजवली. थांब. मी थांबले.

बस भलतीकडे थांबते, ही आमच्या वाड्यावरची जुनी थट्टा आहे. गुपित नाही. सगळ्यांना पाठ आहे. म्हणूनच ती सांगायला मामांनी मला परवानगी दिली. "सगळे हांसून सांगतात. तूं हांसनासतना बरय," न हसता लिही, एवढंच ते म्हणाले.

वास्कोच्या रस्त्यावर पणजी सोडली, की मनाच्या आजारांचं सरकारी हॉस्पिटल लागतं. पेडण्याची जी माणसं तिथे जात, ती तिथे उतरत नसत. पुढच्या थांब्याचं तिकीट काढायची, तिथे उतरायची आणि उन्हातून उलटी चालत यायची. बसमध्ये सगळे गावचेच. कोण कुठे उतरतं ते संध्याकाळपर्यंत घरोघर पोचायचं. मामांना हे सगळं माहीत होतं. ते पुढच्या थांब्याचं तिकीट फाडून देत आणि दुसरीकडे बघत.

मामींना काही वर्षं बरं वाटत नव्हतं. त्याही त्याच बसने जाऊ लागल्या. त्याही पुढच्या थांब्याला उतरायच्या. एका दिवशी ऊन फार होतं आणि मामींच्या अंगात ताप होता. त्यांना इतकं चालवणार नाही, असं मामांना वाटलं. हॉस्पिटलच्या फाटकासमोर त्यांनी शिट्टी मारली. बस थांबली. मामा स्वतः खाली उतरले, हात पुढे केला आणि म्हणाले, "सावकास देंव गो."

सगळी बस खिडक्यांशी वाकली.

मामी उतरल्या. पण त्यानंतर त्या कधीच तिथे गेल्या नाहीत. कोणत्याच डॉक्टरकडे नाही. पुढची पुष्कळ वर्षं त्या आतल्या जनेलापाशी बसून असायच्या. त्या गेल्यावर काही दिवसांनी मामा लोकांच्या अंगणाबाहेर उभे राहून शिट्टी मारू लागले. लोक म्हणाले, सवय सुटत नाही म्हाताऱ्याची.

माझे बाबा म्हणतात, या माणसाला भूमिका नाही. बाबांशी माझे खूप वाद झाले आहेत. याच्यावर मी आता वाद घालत नाही.

चंपाला हळूहळू झोप येऊ लागली. भात जाऊ लागला. एके दिवशी तिने सासूला स्वतःच सांगितलं, तिच्या शब्दांत, तिला हवं तेवढंच. सासू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ती बाय गुडघ्याचें कितें सांगता काय?" मग मॅडम म्हणाल्या, की आता दर आठवड्याला बोलायची गरज नाही, महिन्याने बोलू.

त्या आठवड्यात आमच्या अंगणाबाहेर शिट्टी वाजली. मी "या मामा" म्हटलं. मामा वळले नाहीत. पाठमोरेच उभे.

"बाय, ती पुण्याची बाय... तिका म्हातारो मनीस चलता?"

"चालतो, मामा."

"कोंकणी समजता तिका?"

"थोडी समजते. उरलेली तुम्ही मराठीत सांगा."

"म्हाकाय इल्लें उलोवपाचें आसा." मलाही थोडं बोलायचंय, असं ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "पूण मागीर घुमट कोण वाजयतलो?"

मी त्यांना काय, कोण, कशाला असं काही विचारलं नाही. त्या तिघांना माझ्याही बसमध्ये आता जागा नाही. मी म्हटलं, "मी वाजवीन."

गुरुवारी मी त्यांना फोन लावून दिला, कानात घालायचे फोन दाखवले, दार ओढून घेतलं आणि घुमट मांडीवर घेतलं. मला ते अजिबात येत नाही. हात लाल होईपर्यंत बडवलं. थोड्या वेळाने पथक आलंच.

"सोनू खंय?" पांडूआबांनी विचारलं.

"आत आहेत. येतील."

"आनी तूं कितें करता?"

"प्रॅक्टिस."

आबांना काही ते पटलं नाही. त्यांनी मला थांबवलं आणि जनेलापाशी जाऊन हाक मारली, "ए सोनू! भायर सर मरे!"

आतून मामांचा आवाज आला. घोगरा, ओला, पण कंडक्टरचा तोच ठाम आवाज.

"हॅलो. गॅस बूक करपाचो आसा."

सोप्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. झांजवाला हळूच म्हणाला, "सोनूगेर गॅस खंय आसा? तो चुलीर रांदता न्हय?"

पांडूआबा जनेलापाशी तसेच उभे होते. आतून आणखी काही ऐकू आलं असेल का, मला माहीत नाही. ते कान त्यांचे. ते मागे वळले, आपल्या जागी येऊन बसले, शामेळ पुढे ओढली आणि झांजवाल्याला म्हणाले, "तोंड बंद कर आनी वाजय. व्हडल्यान."

आम्ही वाजवलं. तासभर, मोठ्याने. आरती संपली की पुन्हा पहिल्यापासून. कोणी प्रसाद मागितला नाही.

मामा बाहेर आले तेव्हा आम्ही सगळे घुमटाकडे, झांजांकडे, कौलांकडे, कुठेही बघत होतो, त्यांच्याकडे सोडून. त्यांनी चौकट धरली. मग, मी जन्माला आल्यापासून पहिल्यांदाच, पायरीवर आमच्याशी बोलायला येऊन बसले.

"बाय," ते मला म्हणाले, "तूं म्हज्यापरस वायट वाजयता."

तर माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरात घुमट नसेल. मिक्सर असेल, नळ असेल, रेडिओ असेल, नाहीतर तुमचा स्वतःचा बेसूर गळा असेल. भिंतीपलीकडे कोणी आवाज खाली आणून बोलू लागलं, की कोण आणि कशाला हे न विचारता उठा, सोप्यावर जा आणि ते बोलणं संपेपर्यंत वाजवत बसा.